झील धरायची नाही

मैफलीत गप्प बसायचं असतं, हे शिकायला मला दोन वर्षं लागली होती. आईला तेच मी शनिवारी दुपारी गवार मोडता मोडता अर्ध्या तासात शिकवायला निघाले होते. बोलायचं नाही. मध्येच उठायचं नाही. मिश्रीची डबी घरी ठेवायची. कुणाकडे टक लावून बघायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे झील धरायची नाही.

"मंग ऐकनाऱ्यानी करायचा काय?" आईने विचारलं.

"ऐकायचं."

"ते झाला. पन आपन ऐकताव ते गानाऱ्याला कळंल कसा?"

"कळतं त्यांना."

"कसा कळतं?"

मी म्हटलं, शेवटी टाळ्या वाजवायच्या. त्यावर ती हसली. "म्हंजे सगला जेवून झाल्यावर मीठ वाढायचा," ती म्हणाली आणि पुन्हा गवारीच्या शिरा काढायला लागली.

आईशी डोकं लावण्यात अर्थ नसतो, हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी माझी अकरा वर्षांची मुलगी बदलापुरात तीनशे लोकांसमोर पहिल्यांदा गाणार होती आणि माझी आई तिच्या समोर बसणार होती. माझा जीव टांगणीला लागला होता.

आम्ही कातकरी. आईची वाडी बारवीच्या धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगरात. मी आश्रमशाळेत शिकले, अंबरनाथला एका ऑफिसात क्लार्क झाले. नवरा आमच्यातलाच, एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. चार वर्षांपूर्वी आम्ही सोनिवलीला नव्या टॉवरमध्ये सहाव्या मजल्यावर छोटा फ्लॅट घेतला. आमचं आडनाव असं आहे की ऐकणारा आम्हाला बिनदिक्कत मराठा समजतो, आणि आम्ही समजू देतो. गाव कुठलं म्हणून कुणी विचारलं की मी "मुरबाडकडचं" म्हणते. हे खोटं नाही.

आडनाव लपतं, चेहरा लपत नाही. आमचा रंग, आमचं नाक, आमचे केस टॉवरमधल्या कुणासारखेच नाहीत. लिफ्टमध्ये दोघी-तिघींनी मला विचारून झालंय, "तुम्ही साउथच्या का हो?" मी हसते. त्या हसण्याचा अर्थ हो असाही घेता येतो आणि नाही असाही. हे हसणं मी आरशासमोर बसवलेलं नाही, पण बसवल्यासारखंच झालंय.

लाज वाटते म्हणून लपवते, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. सोनिवलीच्या आधी आम्ही पालेगावला भाड्याने राहायचो. घरमालक सज्जन माणूस, सणाला ताट पाठवायचे. अॅग्रीमेंट पुन्हा करायच्या वेळी माझ्या कागदांत जातीच्या दाखल्याची झेरॉक्स चुकून गेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती नीट घडी घालून, दोन्ही हातांनी मला परत दिली आणि म्हणाले, पुतण्याचं लग्न ठरलंय, खोली लागणार. तो पुतण्या अजून बिनलग्नाचा आहे.

झील म्हणजे काय तेही सांगायला हवं. आमच्या वाडीवर कुणी एकटं गात नाही. एक बाई ओळ टाकते आणि बाकीच्या त्या ओळीचा शेवट उचलतात, तेच शब्द, जरा लांबवून, जरा खालच्या आवाजात. तो उचलला गेला की मग पहिलीने पुढची ओळ टाकायची. तोवर ती थांबते. नुसता ऐकणारा असा वेगळा माणूस आमच्याकडे नसतोच. जो ऐकतो तो झील धरतो. आणि एखादीवर सगळ्यांचा राग असला तर तिच्याशी कुणी भांडत बसत नाही. तिने ओळ टाकली की सगळ्याजणी गप्प राहतात. लहानपणी मी एका लग्नात हे पाहिलंय. त्या बाईने ओळ टाकली, थांबली, पुन्हा टाकली, पुन्हा थांबली, आणि मग मांडवातून उठून गेली. तिने काय गुन्हा केला होता ते मला आठवत नाही. तिचा चेहरा आठवतो.

गाण्याचं वेड मला आश्रमशाळेत लागलं. अधीक्षिका बाईंच्या खोलीत रेडिओ होता आणि सकाळी आम्ही मुली मागच्या नळावर भांडी घासायचो तेव्हा खिडकीतून ख्याल ऐकू यायचा. बाकीच्या मुली कंटाळायच्या. माझी भांडी मात्र सगळ्यात उशिरा घासून व्हायची. नोकरी लागल्यावर अंबरनाथला पहिल्यांदा समोर बसून मैफल ऐकली. शेजारी एक वयस्कर गृहस्थ होते, फार प्रेमळ. मी मांडीवर तीनताल मोजत होते आणि ते माझ्याकडे वाकून समजावून सांगत होते, "हा उजव्या हाताचा तबला, तो डाव्या हाताचा डग्गा." मी "अच्छा, अच्छा" म्हणत होते. मग गायिकेने मुखडा घेतला, समेवर आली, क्षणभर थांबली, आणि माझ्या तोंडून झील निघाली. मोठ्याने नाही. तीन-चार शब्द. पुढच्या रांगेतल्या चार माना एकदम मागे वळल्या. शेजारचे गृहस्थ तितक्याच प्रेमाने म्हणाले, "आपण नुसतं ऐकायचं असतं, बरं का बाई." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतर दोन वर्षं मी प्रत्येक मैफलीत ओठ दाताखाली धरून बसले.

आता जमतं. कुठे "वा" म्हणायचं, कुठे नुसती मान हलवायची, कुठे डोळे मिटायचे, सगळं येतं. तरी हॉलमध्ये शिरले की आधी नजर फिरवून घेते, माझ्यासारखा दुसरा चेहरा दिसतो का म्हणून. दिसतो, पण तो खुर्च्या लावत असतो नाहीतर पाण्याचे जार उचलत असतो. एकदा जार उचलणाऱ्या एका बाईने मला ओळखलं. म्हणजे मला नाही, मी कोण आहे ते ओळखलं. ती हसली. मी मोबाइल काढून त्यात डोकं घालून बसले. हे लिहायला मला आवडत नाही, पण मी तसं केलं.

मुलगी दुसरीत असल्यापासून बदलापुरात एका बाईंकडे गाणं शिकते. ज्या मंडळाच्या मैफलींना मी जाते, त्या मंडळाची दर वर्षी फेब्रुवारीत एका रविवारी सकाळची मैफल असते, आणि मुख्य गायकाच्या आधी पंधरा मिनिटं एका विद्यार्थ्याला गायला देतात. यंदा बाईंनी दिवाळीच्या आधीच हिचं नाव दिलं. राग भैरव, तीनतालातली मध्यलयीची बंदिश. पोरगी दोन दिवस हवेत होती. तिसऱ्या दिवशी तिने अट घातली.

"आजी समोर पाहिजे मला. तिसऱ्या रोच्या मागे नाही."

"आजीला एवढं लांब कशाला आणायचं? व्हिडिओ दाखवू तिला."

"मग मी नाही गाणार. बस्स."

मला वाटलं, लाड. दर मे महिन्यात आणि दिवाळीत ती वाडीवर जाते, गुडघे फोडून घेते, आजीची बोली उचलून आणते आणि शाळा सुरू व्हायच्या आत मी ती बोली तिच्या तोंडातून काढते. दोघींचं सूत जुळलेलं आहे, त्यात मला जागा नाही. मी मान्य केलं.

मला काय हवं होतं ते सरळ सांगते. मला पंधरा मिनिटं हवी होती. त्या पंधरा मिनिटांत माझ्या मुलीचं गाणं लोकांनी नुसतं गाणं म्हणून ऐकावं. "त्यांच्यातली असून" हे शब्द त्याला चिकटू नयेत. मला मिळालेल्या प्रत्येक बढतीला ते चिकटलेले आहेत, ते कसे चिकटतात ते मला ठाऊक आहे. कुणी वाईट बोलत नाही. कौतुकच करतात. पण त्यानंतर तुम्ही चांगलं केलंत की वाईट, याला काही किंमत उरत नाही.

म्हणून तयारीला लागले. आईच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदण आहे. उल्हासनगरला जाऊन तीन नंबरच्या बाजारात मी तिच्यासाठी मनगटापर्यंत बाह्यांचं ब्लाऊज शोधलं. दुकानदार सिंधी काका म्हणाले, "दादी के लिए? अरे दीदी, फुल बाजू में दादी को गर्मी होगी." मी म्हटलं, तिला थंडी वाजते. आईला आयुष्यात कधी थंडी वाजल्याचं मी पाहिलेलं नाही. रविवारी सकाळी कपाळावरच्या तीन ठिपक्यांवर मोठी टिकली लावली, केस तेल लावून चापून बसवले, इस्त्रीची साडी पायघोळ नेसवली. आई आरशात बघून म्हणाली, "माजी गौर मांडलीस गो." आणि तशीच, गौरीसारखी, हात न हलवता रिक्षात बसली. नवऱ्याची फर्स्ट शिफ्ट होती, त्यामुळे जे काही निस्तरायचं ते मला एकटीलाच.

हॉल एका शाळेचा. सकाळचं ऊन खिडक्यांतून आत आलेलं आणि वर सगळ्या ट्यूबलाइट चालू, कारण मंडळाची माणसं रेकॉर्डिंग करणार होती. मला नाटकासारखा अंधार हवा होता. इथे तर प्रत्येकाच्या कपाळावरची आठीसुद्धा दिसत होती. मुलगी परकर-पोलकं सावरत आत बाईंकडे गेली. जाताना तिने आजीचा हात दाबला आणि माझ्याकडे बघून नुसती हसली.

आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. आईला मी भिंतीकडची खुर्ची दिली, म्हणजे तिच्या एका बाजूला भिंत आणि एका बाजूला मी. दोन मिनिटं झाली नाहीत तोच तिने मला कोपर मारलं. आमच्या पुढच्याच रांगेत एक बॉबकट केलेल्या बाई बसल्या होत्या.

"ती बाय माजं गिऱ्हाईक हाय," आई म्हणाली.

आई पावसाच्या सुरुवातीला शेवळं, ती रानभाजी, आणि उन्हाळ्यात करवंदं घेऊन बदलापूर स्टेशनबाहेर बसते. मी कितीदा सांगितलं, आता नको. ऐकत नाही.

"नऊ-धा वरसं घेतंय ती माज्याकडं," आई कुजबुजत होती, म्हणजे तिच्या मते कुजबुजत होती. "दोन जुड्या घेतल्या का तिसरी फुकाट मागतं. वरती सांगतं, मावशी, काकडा पन टाक."

शेवळं घशाला खाजू नयेत म्हणून त्यांच्याबरोबर काकडाचं आंबट फळ घालतात. ते फुकट द्यायचं असतं.

"आई, गप्प बस."

"बोलवू का तिला?"

"आई!"

त्या बाई शेजारणीशी बोलत होत्या. फ्लॅट, पाणी, पार्किंग. मग म्हणाल्या, "आमच्या कॉम्प्लेक्सच्या मागे ती कातकरवाडी आहे ना, तेवढी उठवली की खरंच छान होईल सगळं. पावसाळ्यापर्यंत उठवतील म्हणतात." शेजारीण म्हणाली, "बिचाऱ्यांना कुठेतरी जागा द्यायला हवी पण." त्या म्हणाल्या, "हो हो, जागा द्यायलाच हवी."

आईने ऐकलं. माझ्याकडे बघितलं नाही. मनगटावरची बाही उगाच खाली ओढत राहिली. मी तिला काही म्हणाले नाही आणि त्या बाईंना तर नाहीच नाही. माझं लक्ष रंगमंचाच्या कडेच्या दाराकडे होतं, आणि मनात एकच चाललं होतं, की या बाईंनी आता फक्त मागे वळून बघू नये.

निवेदिकेने नाव घेतलं. मुलगी आली, नमस्कार करून बसली. गाण्याच्या बाई पेटीवर होत्या. तंबोऱ्याचं मशीन लावलं आणि तिने षड्ज लावला. मी घरी तो हजार वेळा ऐकलाय, पण इथे तो लागला तेव्हा मी खुर्चीत पुढे सरकले. मग तो भैरवचा रिषभ, हळू हळू हलवत ठेवलेला. पुढच्या रांगेतून कुणीतरी "वा" म्हणालं. मला वाटलं, होतंय. जमतंय.

आलापात शब्द नसतात, त्यामुळे आई बुचकळ्यात पडली होती. "शबूद कवा यायचं?" तिने विचारलं. मी डोळे वटारले.

मग तबला सुरू झाला आणि बंदिश आली.

बाईंनी काय बसवलंय ते मला पाठ होतं. पहिली ओळ लागोपाठ दोनदा, मग दुसरी, मग अंतरा. तीन महिने स्वयंपाक करताना मी तेच ऐकत होते. पोरीने पहिली ओळ एकदा गायली, समेवर आली आणि थांबली.

तबला चालू होता. पेटी चालू होती. ती मांडीवर हात ठेवून बसली होती आणि तिसऱ्या रांगेकडे बघत होती.

विसरली, असं मला वाटलं. तेवढ्यात शेजारी आईने श्वास घेतला. तो श्वास मी ओळखते. छाती वर येते, हनुवटी जरा खाली जाते आणि त्यानंतर आवाज येतो, दोन शेतं ओलांडून जाणारा आवाज. मी झडप घालून तिचं मनगट धरलं. धरलं म्हणजे आवळलं. बाहीच्या आतल्या बांगड्या माझ्या हाताला लागत होत्या आणि त्या तिच्या हाडाला लागत असणार, हे मला कळत होतं.

चार मात्रा गेल्या. आईचं तोंड उघडं होतं. मी तिच्या कानात म्हटलं, "नाही. इथं नाही." आठ. बाईंनी पेटीवरून मुलीकडे बघितलं आणि ओळीचे सूर वाजवून तिला आठवण करून दिली. मुलीने तिकडे मान वळवलीच नाही. बारा. पुढच्या बॉबकटवाल्या बाईंची मान किंचित वाकडी झाली, आणि मी आईचं मनगट आणखी दाबलं. आई आता रंगमंचाकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. तिला काहीतरी समजत नव्हतं आणि ते मी समजावून सांगावं, असं ती बघत होती. सोळा मात्रा संपल्या, सम आली.

मुलीने तीच ओळ पुन्हा गायली. आणि पुन्हा थांबली.

दुसऱ्यांदा मी मोजलं नाही. आईच्या डोळ्यांत पाणी आलेलं दिसलं आणि मी समोर बघायला लागले. तीनशे माणसं श्वास रोखून शांत बसली होती. इतकी छान शांतता त्या हॉलमध्ये मी आजवर अनुभवली नव्हती. तिच्यात माझी मुलगी मधोमध बसली होती आणि वाट बघत होती.

तिसऱ्या वेळी ती थांबली नाही. दुसरी ओळ घेतली, अंतरा घेतला, बाईंनी बसवल्या होत्या तशा ताना घेतल्या, एकही सूर हलला नाही. तिहाई घेऊन बरोबर समेवर संपवलं. तोवर तिने आमच्या रांगेकडे पुन्हा बघितलं नव्हतं.

टाळ्या पडल्या. खूप पडल्या. मी आईचा हात सोडला आणि टाळ्या वाजवल्या. आईनेही वाजवल्या, मी सांगितलं होतं म्हणून.

पुढच्या बाई पूर्ण मागे वळल्या.

"तुमची मुलगी? अहो, काय ठहराव आहे! अख्खं आवर्तन सोडलं, तेही दोनदा! या वयाची मुलं नुसती गात सुटतात. हिला गप्प राहता येतं!"

"थँक यू," मी म्हटलं.

"आणि या आजी का? नमस्कार हं आजी. नात गुणी आहे तुमची."

आईने हात जोडले. बाईंनी तिच्या तोंडाकडे अगदी समोरून, फूटभरावरून बघितलं, गोड हसल्या आणि पुन्हा पुढे वळल्या. आई थोडा वेळ त्यांच्या पाठीकडे बघत राहिली.

"नाय वळखला मला," ती म्हणाली.

मला सुटल्यासारखं झालं. खोटं कशाला सांगू, आनंद झाला. जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. पंधरा मिनिटं मिळाली होती, गाणं नुसतं गाणं म्हणून ऐकलं गेलं होतं, वर कौतुक झालं होतं. आईला काय वाटलं असेल, हे मनात आलं, पण मी ते पुढे जाऊ दिलं नाही.

गाण्याच्या बाई मुलीला घेऊन बाहेर आल्या. तिच्या पाठीवर थाप मारली आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "तिथे थांबायचं तिला कुणी सांगितलं?"

"माहीत नाही."

"चांगलं दिसलं. पण मी बसवलं नव्हतं," बाई म्हणाल्या. त्यांना ते आवडलं होतं की खटकलं होतं, हे मला कळलं नाही.

मुख्य गायक दोन तास गायले. मी काय ऐकलं ते विचारू नका. मुलगी येऊन आजीच्या पायाशी, तिच्या मांडीवर रेलून बसली होती, दमल्यासारखी. मध्ये एकदा तिने आजीचा हात हातात घेतला, बाही वर सारून मनगटाकडे बघितलं आणि बाही पुन्हा नीट खाली केली. मी ते बघितलं नाही असं दाखवलं.

दुपारी एकच्या सुमाराला बाहेर पडलो. शेअर रिक्षाला रांग होती, म्हणून मी पूर्ण रिक्षा केली. आई मधे, आम्ही दोघी दोन बाजूंना. मी मोठ्या उत्साहाने बोलत होते. कोण काय म्हणालं, कुणी नंबर मागितला, ठहराव, आवर्तन. दोघी ऐकून घेत होत्या. उड्डाणपूल उतरल्यावर मुलगी मध्येच म्हणाली, आणि आजीच्या बोलीत म्हणाली,

"आजी, तू झील नाय धरलीस."

मी आईकडे बघितलं.

"दिवाळीत किती प्रॅक्टिस केली होती आपण," ती म्हणाली. "मी ओळ टाकणार, तू धरणार. सगळ्यांना सरप्राइज. टीचरना पण."

आईने माझ्याकडे बघितलं नाही. घसा खाकरला.

"घसा बसलाय गो माजा," ती म्हणाली. "सकालपास्नं. आवाजच फुटंना." आणि खरं वाटावं म्हणून आणखी दोनदा खोकली.

आई खोटं बोलत नाही. गिऱ्हाईकाला कधी सुकलेली जुडी ताजी म्हणून तिने दिलेली नाही. माझ्या जन्मात तिचं पहिलं खोटं मी त्या रिक्षात ऐकलं, आणि ते मला वाचवायला होतं. मला स्वतःची इतकी शरम वाटली की रिक्षा थांबवून उतरून जावंसं वाटलं. पालेगावच्या घरमालकाचा मला अजून राग येतो. पण त्या माणसाने कागद परत देताना दोन्ही हात पुढे केले होते. मी आईच्या हाताचं काय केलं होतं?

"आजीचा घसा ठीक आहे," मी म्हटलं. "तिने धरली असती. मी धरू दिली नाही. हात दाबून ठेवला होता मी तिचा."

"जाऊ दे गो," आई म्हणाली.

मुलगी बाहेर बघत होती. सोनिवलीचे टॉवर दिसायला लागले होते.

"माहितीये," ती म्हणाली. "स्टेजवरून दिसत होतं."

"पहिल्यापासून?"

"हो."

"मग दुसऱ्यांदा का थांबलीस?"

तिने खांदे उडवले. मग माझ्याकडे न बघता म्हणाली,

"मला वाटलं, आता तरी तू सोडशील."